खंडाळ्याची कोंडी

पावसाळ्यांतील एखाद्या रविवारीं खंडाळ्याच्या घाटांत मोटारींची रांग जागच्या जागीं खिळली, कीं सोमवारीं सुशिक्षित घरांतून एकच उद्गार ऐकूं येतो: ‘काय तें ग्रिडलॉक!’ या शब्दाविरुद्ध आमची तक्रार आहे. तो परका आहे एवढीच ती नव्हे. स्टेशन, मोटार, टेबल हे शब्द आम्हीं घरचे केले. त्यांना घालवून द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पाहुण्याला माजघरांत घेण्यापूर्वीं त्याचें कुळ तरी विचारावें कीं नाहीं?

‘ग्रिड’ हें ‘ग्रिडायर्न’ या शब्दाचें तोकडें रूप. मांस भाजण्याची लोखंडी जाळी हा त्याचा मूळ अर्थ. न्यूयॉर्कचे पुष्कळ रस्ते असेच उभे-आडवे आहेत. एका चौकांत अडलेली गाडी आडवा रस्ता रोखते, तो रस्ता पुढचा चौक रोखतो, आणि हा फेरा पुरा झाला कीं सारी जाळी जखडते. त्या स्थितीचें हें नांव १९८० सालीं तेथील वाहतूक-कामगारांच्या संपाच्या वेळीं सर्वतोमुखीं झालें.

आतां बोरघाट पहावा. १८३० सालीं तेथें गाडीरस्ता झाला, १८६३ सालीं आगगाडी चढली, २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला. पण घाटांत गाडी अडते ती कांहीं चौकांत नव्हे. पुढें एक मालमोटार बंद पडते आणि मागें शेंकडों थांबतात. येथें जाळी कोठली?

आमच्या भाषेंत शब्दांचा दुष्काळ आहे म्हणावें, तर तसेंही नाहीं. चाक चिखलांत रुततें, पाणी तुंबतें, प्रवासी खोळंबतो; आणि वाट अडवून कोणाला जखडून टाकलें, तर ती कोंडी. हा शेवटचा शब्द मावळाला शिकवावयास नको. फेब्रुवारी १६६१ मध्यें कारतलबखानाची फौज लोणावळ्याजवळील कुरवंडे घाटानें उंबरखिंडींत उतरली; शिवाजीमहाराजांनीं तिची वाट पुढूनमागून अडविली, आणि खानाला शरण यावें लागलें. कोंडी म्हटली कीं कोंडणारा आलाच.

खरी मेख येथेंच आहे. ‘ग्रिडलॉक झालें’ हें आम्ही ‘पाऊस पडला’ या सुरांत म्हणतों; जणूं त्यांत कोणाचाच हात नाहीं. ‘कोंडी झाली’ म्हटलें, तर पुढचा प्रश्न उभा राहतो: ‘ती केली कोणीं?’ घाट चढून लोणावळ्यांत शिरलें कीं उत्तर समोर दिसतें. भुशी धरणाच्या अरुंद रस्त्यावर एकाच दिवशीं मोटारी घालणारे, कडेला गाडी उभी करून भजीं खाणारे, रांग मोडून उलट बाजूनें घुसणारे ते आम्हीच. त्या दिवशीं मावळांतल्या एखाद्या घरीं दुखणाइताला दवाखान्यांत न्यावयाचें असेल, तर त्या घरच्या माणसांनीं हा परका शब्द ऐकून समाधान मानावें काय?

खानाची कोंडी शत्रूनें केली होती. मावळकऱ्यांची कोंडी त्यांचे पाहुणे करतात. आम्हीं निदान तिला तिच्या नांवानें हांक मारावी.