फोन खिशात का ठेवायचा?

स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत एका तरुणाने नळयोजनेच्या खर्चाचा हिशेब विचारला आणि उत्तर टिपायला मोबाइल वर धरला. लगेच समोरून आवाज आला, ‘शूटिंग बंद कर, परवानगी घेतलीस का?’ परवानगी कोणत्या नियमाने लागते, असं मी मागून विचारलं. त्यावर कुणी बोललं नाही, पण पोराने फोन खिशात घातला आणि हिशेबही राहून गेला. आठवडाभर माझा संताप उतरलेला नाही.

राज्यघटनेच्या कलम २४३ नुसार गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण ग्रामसभेचा घटक आहे. मग स्वतःच्याच सभेच्या चित्रणाला परवानगी कुणाची मागायची? पोलीस ठाणंसुद्धा शासकीय गुपिते अधिनियमातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं. त्याच वर्षापासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाची सुनावणी घरबसल्या पाहता येते. केंद्राने तर ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रामसभेच्या ध्वनिचित्रमुद्रणावरून इतिवृत्त तयार करणारं ‘सभासार’ हे साधन आणलं. सरकारला चालणारं चित्रण गावकऱ्याने केलं की गुन्हा कसा होतो?

खरी गोम इतिवृत्तात आहे. प्रोसिडिंग बुकाबद्दल, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीबद्दल, मी या सदरात पुन्हा पुन्हा लिहितो, कारण गावाचा पैसा तिथे अडतो नाहीतर तिथून वाहून जातो. हजेरीच्या सह्या आधी होतात, ठराव सवडीने लिहिले जातात. एखादी म्हातारी गटारीच्या पाण्यावर घसा कोरडा होईपर्यंत बोलते आणि वहीत ओळ उतरते, ‘विविध विषयांवर चर्चा झाली.’ माहिती अधिकारात वहीची नक्कल जरूर मिळते. पण जे लिहिलंच नाही त्याची नक्कल कुठून मिळणार?

त्याहून वाईट ती तहकूब सभा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग मूठभर माणसं अख्ख्या गावाच्या नावाने ठराव करतात. त्या रिकाम्या खुर्च्या वहीत कधीच दिसत नाहीत. चित्रणात दिसतील, आणि फोनची भीती वाटते ती त्यामुळेच, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅमेरा लागला की बायका बोलायच्या थांबतात, असं आमच्या एक ग्रामपंचायत सदस्य ताई म्हणाल्या. हा आक्षेप मला पटतो. म्हणून महिलासभेत चित्रण करायचं की नाही, ते बायकांनीच ठरवावं. आणि ग्रामसभेतही कॅमेरा उत्तर देणाऱ्यावर असावा, प्रश्न विचारणाऱ्यावर नव्हे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जरूर जा. फोन पूर्ण चार्ज करून न्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रण करा आणि काटछाट न करता गावाच्या ग्रुपवर टाका. कुणी अडवलं तर वाद घालू नका; मनाईचा नियम लेखी मागा.