मोजपट्टी आपल्या अंगाची हवी

दोन डॉक्टरांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन यडकिन. उंची आणि वजनावरून निघणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही सडपातळ. अंगातली चरबी मोजली तेव्हा यडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआय सारखा, आणि चरबी दुपटीहून जास्त.

हृदयविकाराचा विषय निघाला की इथे अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळात हमखास ऐकू येणारी वाक्यं त्या फोटोसमोर ठेवून बघा. ‘मी तर बारीक आहे.’ ‘आम्ही शाकाहारी.’ ‘गेल्या महिन्यातच फिजिकल झालं, सगळं नॉर्मल.’ माझं म्हणणं असं, की यातलं एकही वाक्य आपल्याला पुरेसं संरक्षण देत नाही. कारण ‘नॉर्मल’ ठरवणारी मोजपट्टी मुळात दुसऱ्यांच्या अंगावर बेतलेली आहे.

अमेरिकेत हृदयाचा धोका मोजण्याची सुरुवात १९४८ साली बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगाला पटला तो त्या गावातल्या ५,२०९ माणसांमुळे, आणि ते ऋण मोठंच आहे. पण ती माणसं जवळजवळ सगळी गोरी होती. पुढे २०१३ साली डॉक्टरांच्या संगणकावर आलेल्या गणितात गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यासाठी वेगळी समीकरणं होती, आपल्यासाठी नव्हती. २०१८च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ‘दक्षिण आशियाई असणं’ ही धोका वाढवणारी बाब म्हणून स्पष्ट नोंदवली. तरी पंधरा मिनिटांच्या भेटीत ती प्रत्येक डॉक्टरच्या लक्षात राहीलच असं नाही. आठवण आपण करून द्यायची, आणि त्यात संकोच कसला?

धोका खरंच वेगळा आहे का? ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ निघालं, इतरत्र ५८-५९. ही पाच-सहा वर्षं म्हणजे मुलांची कॉलेजची वर्षं, घराच्या हप्त्यांची वर्षं. मूळ कुठे आहे, याचा माग याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काढला. १९९३पासून तिथल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. एवढ्या लहानग्या देहात स्नायू कमी पडले होते, चरबी मात्र बरीचशी राखली गेली होती. मधुमेहाची आणि हृदयविकाराची जमीन अशी जन्माआधीपासून तयार होत असते. त्यावर इथलं सतत गाडीतून फिरणं आणि खुर्चीतली नोकरी येऊन पडते.

म्हणून बीएमआय २५पर्यंत चालतो असं समजू नका. आशियाई लोकांची मधुमेहाची तपासणी २३पासूनच करावी, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५मध्ये सांगितलं आहे. कंबर बेंबीपाशी मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही आपली मर्यादा. वर्षानुवर्षं तोच पट्टा घालत असाल, तर तो पोटाच्या वर बसतो की खाली हेही पाहा.

आता ‘ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली’ या वाक्याबद्दल. एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण धमनीच्या आतल्या अस्तरात शिरतात, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि वर्षानुवर्षं थर साचत जातो. रक्ताला अडवण्याइतका थर मोठा झाला, तरच स्ट्रेस टेस्टला त्याचा सुगावा लागतो. पण कित्येक झटके अर्धवटच अरुंद झालेल्या धमनीत येतात. थरावरचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. ट्रेडमिलवर छान धावलेला माणूस महिन्याभरात कोसळतो तो असा. त्यात टेस्टचा दोष नाही, आपण तिला भलताच प्रश्न विचारलेला असतो.

विचारायचं ते वेगळं आहे. लायपोप्रोटीन(ए) ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. तिचा आकडा बहुतांशी आईवडिलांकडून येतो आणि आहार-व्यायामाने फारसा हलत नाही. नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात तो नसतो, मागावा लागतो. तो दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर निघाला तर एलडीएल अधिक कडकपणे खाली ठेवायचं. औषध घ्यावं की नाही असा पेच असेल, तर धमन्यांतलं कॅल्शियम मोजणाऱ्या सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि रक्तदाबाचं यंत्र घरी ठेवा. १३० वर ८० ही आता इथे उच्च रक्तदाबाची सुरुवात मानतात.

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीचं नाव काढलं की ‘एकदा सुरू केली की सुटत नाही’ म्हणून माणसं मागे सरतात. ही भीती मी समजू शकतो, पण मान्य करू शकत नाही. चष्माही सुटत नाही. काहींचे स्नायू दुखतात हे खरं, त्यावर मात्रा किंवा औषध बदलता येतं. अर्जुनाची साल, लसूण, जवस यांवर विश्वास असेल तर डॉक्टरांना सांगून जरूर घ्या, पण तीन महिन्यांनी एलडीएल किती उतरलं ते तपासा. उतरलं नसेल तर आणखी वर्ष घालवू नका.

शाकाहाराविषयी एवढंच, की साबुदाण्याची खिचडी, बाकरवडी, जिलबी आणि बटाटेवडा हे सगळे शाकाहारीच आहेत. आपल्या पॉटलकच्या टेबलावर मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी आणि कोशिंबीर एका कोपऱ्यात असते, आणि भाताचा मोठा ट्रे मधोमध. यांची अदलाबदल करायला मंडळाच्या समितीच्या ठरावाची गरज नाही.

सगळ्यात दुबळा भाग आहे तो घराण्याच्या माहितीचा. फॉर्मवर ‘फॅमिली हिस्ट्री’पुढे आपण ‘नाही’ लिहितो, कारण आजोबा झोपेत गेले आणि काका ‘गॅसेसचा त्रास होऊन’ गेले. वडील किंवा भाऊ ५५च्या आत, आई किंवा बहीण ६५च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर डॉक्टरांचा निर्णय बदलू शकतो. आत्याला, मोठ्या काकूला फोन करा. कोण कितव्या वर्षी गेलं, आधी काय होत होतं, साखर होती का, हे विचारून लिहून ठेवा आणि मुलांनाही द्या. त्या पिढीतल्या बायकांचं दुखणं फारसं कुणी नोंदवलेलं नसतं. छातीत कळ न येता नुसती धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, दरदरून घाम अशी लक्षणं बायकांत आणि मधुमेहींत अधिक दिसतात. अशा वेळी स्वतः गाडी चालवत निघू नका, ओळखीच्या डॉक्टरला फोन लावत बसू नका, थेट ९११ फिरवा.

समितीपुढे माझी मागणी छोटी आहे. या गणेशोत्सवात नावनोंदणीच्या टेबलाशेजारी दुसरं एक टेबल लावावं. त्यावर रक्तदाबाचं यंत्र, कंबर मोजायची टेप आणि घराण्याची माहिती भरायचा मराठी कागद ठेवावा. कागद ज्याचा त्याने घरी न्यायचा, मंडळाने एकही आकडा जवळ ठेवायचा नाही. आपल्यात परिचारिका आहेत, डॉक्टर आहेत, तासाभराची पाळी लावली तर कुणावर भार पडणार नाही. पस्तिशीतल्या जोडप्यांना तिथवर हाताला धरून आणायचं काम मी करीन.