रंग नंतर, आधी भिंत तपासा



गणपती महिन्यावर आलेत. आमच्या रत्नागिरीकडे या दिवसांत रंगाच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. गेल्या वर्षी त्या गर्दीत मीही होते. हॉलच्या भिंतीला ओल आली होती, पापुद्रे सुटले होते, हात लावला की पांढरी पूड पडायची. घरमालकांना सांगितलं तर म्हणाले, "बाई, कोकणात पावसात एवढं चालायचंच." मलाही ते पटलं. पुट्टी भरली, रंग मारला, सण छान झाला.

यंदा जुलैत माझी पाच वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, भिंत चावते." मुंग्या असतील म्हणून मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना माझाच ओला हात त्या भिंतीला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. लगेच मेन स्विच बंद केला, वायरमनला बोलावलं. भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपात पाणी उतरलं होतं, आतल्या एका जोडाची टेप सुटली होती, आणि अर्थिंगची वायर बोर्डामागे कुठेच जोडलेली नव्हती. मी तिसरीला शिकवते. ओल्या हाताने बटण दाबू नये हे वर्गात दरवर्षी घोकून घेते. ओल्या भिंतीचा विचार मात्र माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता.

म्हणून सांगते, ओल झाकण्याआधी ती कुठून येते ते बघा, आणि बघायचे दिवस हेच, पाऊस चालू असतानाचे. मे महिन्यात भिंत ठणठणीत कोरडी असते, तेव्हा कुणाला काय दिसणार? गळती पावसाळ्यात शोधायची आणि दुरुस्ती उन्हाळ्यात करायची. आपण मात्र सणाच्या तोंडावर ओल्या भिंतीवर रंग थापतो. आतलं पाणी बाहेर यायला बघतं आणि दिवाळीपर्यंत तो रंग फुगतो.

आमच्याकडे जांभ्या दगडाची घरं. जांभा पाणी शोषतो, आणि वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ओल जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंतच असेल तर बहुधा ती खालून चढलेली असते. छताच्या कोपऱ्यात डाग असेल तर कौलं किंवा गच्ची बघा. बाथरूमच्या पलीकडची भिंत उन्हाळ्यातही ओली राहत असेल तर पाइपवर संशय घ्या. घरातले सगळे नळ बंद करा आणि पाण्याच्या मीटरकडे बघा. काटा फिरतोय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. आणखी एक सोपी गोष्ट, मुलांबरोबर करण्यासारखी. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवा. पाणी आतल्या बाजूला जमलं तर भिंत ओली आहे, बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतल्या हवेत दमटपणा जास्त आहे. (बोर्डाजवळच्या किंवा शॉक देणाऱ्या भिंतीवर हे करू नका. तिथे वायरमनच पाहिजे.)

विजेबद्दल एक मोठा गैरसमज आहे. "आमच्याकडे एमसीबी आहे" असं म्हणून लोक निर्धास्त असतात. एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतो. माणसाला शॉक बसतोय हे त्याला कळत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. गेलेला आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की तो वीज तोडतो. घरासाठी साधारण ३० मिलिअँपिअरचा बसवतात. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा. नाही पडला तर बदलून घ्या. मात्र बटण दाबल्यावर पडला म्हणजे अर्थिंगही ठीक आहे असं नाही, ते वायरमनकडून वेगळं मोजून घ्यावं लागतं. माझ्या वायरमनने सगळं घर बघायचे पाचशे रुपये घेतले. त्याआधी मी रंगावर किती घालवले ते लिहीत नाही!

शिक्षकांनो, पावसाळाभर खोकणारं एखादं मूल आपल्या प्रत्येकाच्या वर्गात असतं. औषध डॉक्टरच देतील, पण ते झोपतं कुठे हे आपण पालकांना विचारू शकतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाची गादी कपाटाशेजारी असायची आणि कपाटामागे काळी बुरशी हातभर पसरली होती. दमा असलेल्या मुलांना बुरशीचा त्रास जास्त होतो. त्याच्या आईला वर्षभरात कपाट हलवायला सवडच मिळाली नव्हती, यात तिचा काय दोष? आता कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलंय आणि गादी दुसऱ्या बाजूला घातलीय.

आणि हो, गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो आधी बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि पावसात आपण खिडकी घट्ट लावून आंघोळ करतो.

आमच्या हॉलचा रंग यंदा राहिला. मखरामागे ती डागाळलेली भिंत पाहुण्यांना दिसेल, दिसू दे. तिच्यावरचा बोर्ड बंद केलाय. मखराच्या लायटिंगची वायर आतल्या खोलीतून घेणार आहोत. आरसीसीबीचे पैसे कोणी द्यायचे यावर घरमालकांशी बोलणी अजून चालू आहेत, पण तो बसवून झालाय.