थोडी माती राहू द्या!

शहाड स्टेशनवर लोकलची वाट बघताना घामेजलेल्या हातावर बारीकशी माशी बसते ना? झटकू नका, कधी कधी ती चक्क मधमाशी असते! घामातल्या मिठासाठी येते, म्हणून इंग्रजीत तिला 'स्वेट बी' म्हणतात.

हिला पोळं नसतं. बहुतेक जातींची मादी उघड्या जमिनीत बीळ खणते, बाजूला खोल्या काढते आणि पोटातल्या ग्रंथीच्या स्रावाने त्यांच्या भिंती लिंपते. म्हणजे वॉटरप्रूफिंग! प्रत्येक खोलीत परागाचा गोळा, त्यावर एक अंडं, की दार बंद. आम्हा सिव्हिलवाल्यांना हे शिकायला चार वर्षं लागतात!

आमच्या बिल्डिंगमागे अशी बिळं होती. पेव्हर ब्लॉक बसले, बिळं गेली. चिखल गेला म्हणून तेव्हा मीही खूशच होतो. पण वांग्याचं फूल थरथरवून पराग काढणं पोळ्यातल्या मधमाशीला जमत नाही. यांच्यातल्या काहींना जमतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातले शेतकरी लसूणघासाच्या बियाण्यासाठी अशाच एका जातीला मोकळी जमीन राखून ठेवतात.

पेव्हर नकोच, असं मी म्हणत नाही. चालायच्या वाटेवर जरूर बसवा. पण कंपाउंडच्या कडेने हातभर माती तरी सोडा. उद्या प्लॅन आपणच काढणार आहोत ना?