नाशिकचा प्याला आणि आपला हुरडा



गेल्या फेब्रुवारीत आम्ही एक शनिवार-रविवार नाशिकच्या द्राक्षबागांत घालवला. कृषी महाविद्यालयात आमच्याबरोबर शिकलेला एक मित्र तिथे बागांचा सल्लागार आहे. मुंबई-पुण्याची माणसे दोन दिवस येऊन वाईनबरोबर कोणते खाणे जुळते ते कसे चाखतात, हे एकदा बघून जा, असा त्याचा आग्रह होता. बरोबर दोन कार्यकर्ते होते, एक ज्वारीच्या गावचा, एक कापसाच्या. निघताना गावात चेष्टा झालीच, "कपाशीवाले आता वाईन प्यायला निघाले!" चेष्टा रास्त होती. म्हणून तिथे काय पाहिले आणि त्यातून काय घेण्यासारखे वाटले, याचा हिशेब देणे आमचे काम आहे.

गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवारी सकाळपासून मोटारींची रांग होती. द्राक्षतोडणी चालू होती. ऊन चढायच्या आत घड क्रेटमध्ये पडावेत म्हणून मजूर बायका पहाटेपासून कात्री चालवत होत्या. शेजारच्या हौदात शहरातली पोरे-पोरी हौसेने पायांनी द्राक्षे तुडवून फोटो काढत होती. तुडवणाऱ्यांनी पैसे मोजले होते आणि तोडणाऱ्यांना मजुरी मिळत होती. दोन्ही एकाच बांधावर.

संध्याकाळी टेबलावर प्रत्येकापुढे चार प्याले आणि चार पदार्थ आले. बुडबुड्यांच्या वाईनबरोबर साबुदाणावडा. सोव्हिन्यों ब्लां नावाच्या आंबटसर पांढऱ्या वाईनबरोबर कोथिंबीरवडी. शेनिन ब्लां नावाच्या किंचित गोड वाईनबरोबर तिखट कोंबडी. शिराझ या लाल वाईनबरोबर मटण. शेजारी एक भांडेही ठेवलेले असते, घोट चाखून त्यात थुंकायचा. आम्ही चाखले आणि थुंकले. कापसाच्या गावचा कार्यकर्ता माळकरी, त्याने फक्त वडे खाल्ले.

हे जुळवणे म्हणजे काही गूढ विद्या नाही. आंबटपणा आणि बुडबुडे तोंडातले तेल कापतात, म्हणून तळलेल्या वड्याबरोबर ते बरे लागतात. थोडा गोडवा तिखटाला शांत करतो. लाल वाईनमध्ये सालीतून आणि बियांतून तुरटपणा उतरतो. तो तोच टॅनिनचा तुरटपणा, जो बाभळीच्या शेंगेत आणि कच्च्या सुपारीत असतो. मटणातली चरबी आणि प्रथिने हा तुरटपणा मऊ करतात. पण त्याच लाल वाईनबरोबर ठेचा खाल्ला तर तोंडाची आग होते, कारण तुरटपणा आणि मद्यार्क दोन्ही तिखट वाढवतात.

हे सगळे ऐकून ज्वारीच्या गावचा आमचा गडी म्हणाला, "भाऊ, हे तर आपल्या घरी रोजच होतं. ठेच्यावर दही, पिठल्याशेजारी कांदा, पुरणपोळीवर तूप अन् संगं कटाची आमटी. आपल्या मायनं कधी त्याचे पैसे मागितले नाहीत."

त्या दोन दिवसांतले सर्वात मोलाचे वाक्य हेच. दह्यातले प्रथिन मिरचीचा झोंबणारा अंश धुऊन नेते, हे आम्ही पदवीच्या वर्गात शिकलो. त्याच्या आईला ते आधीच ठाऊक होते.

आता हिशेब पाहू. पाऊण लिटरच्या एका बाटलीला सुमारे सव्वा किलो द्राक्षे लागतात. चाखायला तीस मिलिलिटरचा घोट दिला तर एका बाटलीत पंचवीस घोट होतात. म्हणजे सव्वा किलो द्राक्षांवर पंचवीस माणसांची हौस भागते, आणि प्रत्येक जण घोटाबरोबर वड्याचे, खोलीचे, बागेतल्या फेरीचे पैसे देतो. द्राक्ष तेच. शेतकऱ्याला ते किलोवर विकावे लागते आणि बागवाला ते घोटावर विकतो. मधली सगळी कमाई चवीची, नावाची आणि यजमानपणाची आहे. शेतात ती होत नाही.

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

पहिली दारूची. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे, असे सांगितले गेले. आमचे शास्त्र असे सांगत नाही. वाईनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के मद्यार्क असतो. घरातला कर्ता माणूस बाटलीपायी गेला, अशा बायका आपल्या सभांना येतात. त्यांच्यासमोर आम्ही वाईनचे गुणगान करणार नाही. कोणी प्यावे असे सांगायला हा लेख लिहिलेला नाही.

दुसरी गोष्ट धोक्याची. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले, आणि पुढच्या काही वर्षांत अनेकांनी करारावर वाईनची द्राक्षे लावली. २००८ ला जागतिक मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पाहुणे आटले, खप घसरला. करारवाल्यांची द्राक्षे पडून राहिली, पैसे अडकले, आणि पुढे कित्येकांनी वेली उपटल्या. यात शेतीशास्त्राचा धडा आहे. थॉमसन जातीचे द्राक्ष बाजारात गेले नाही तर त्याचा बेदाणा होतो. वाईनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. ते ना खायच्या बाजारात चालते ना बेदाण्याला. ज्या पिकाला एकच गिऱ्हाईक, त्या पिकाचा मालक शेतकरी राहत नाही.

मग घ्यायचे काय? त्यासाठी वाईनच्या मूळ मुलखाचा इतिहास पाहू. फ्रान्सचे नाव काढले की आपल्याला हवेल्या आणि श्रीमंती आठवते. पण त्या बाटलीवर गावाचे नाव आले ते शेतकरी आंदोलनातून.

दक्षिण फ्रान्समध्ये लांगदॉक नावाचा द्राक्षांचा प्रदेश आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे भाव इतके पडले की पीक काढणे परवडेना. पीक जादा होते, बाहेरून वाईन येत होती, आणि व्यापारी साखर-पाणी घालून बनावट वाईन खपवत होते. मार्च १९०७ मध्ये आर्जेलिए गावचे ८७ द्राक्षवाले मार्सेलँ आल्बेर नावाच्या, छोटे कॉफीचे दुकान चालवणाऱ्या द्राक्षउत्पादकामागे नार्बोन शहरात चालत गेले. पुढे दर रविवारी सभा होऊ लागल्या, प्रत्येक आधीच्या सभेहून मोठी. ९ जूनला मोंपेलिए शहरात लाखो माणसे जमली. त्यांचे शनिवार-रविवार असे जात होते. नार्बोनला सैन्याने गोळ्या झाडल्या, सहा माणसे मेली. त्याच मुलखातल्या पोरांनी भरलेल्या सतराव्या पलटणीने बंड केले. जूनअखेर संसदेला भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला.

या कहाणीत पुढाऱ्यांसाठीही धडा आहे. आल्बेर एकटाच पॅरिसला जाऊन पंतप्रधान क्लेमांसोला भेटला. परतीच्या गाडीभाड्यासाठी त्याने शंभर फ्रँकची नोट घेतली आणि क्लेमांसोने ती गोष्ट वर्तमानपत्रांना सांगितली. एका नोटेने त्याची पत गेली. पण शेतकऱ्यांची संघटना टिकली. त्याच वर्षी त्यांनी आपला महासंघ काढला आणि भेसळ पकडायला स्वतःची माणसे नेमली. १९११ मध्ये शँपेन भागातले द्राक्षवाले बाहेरचा माल आणून त्याला शँपेनचे नाव देणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध उठले. अखेर १९३५ च्या कायद्याने कोणत्या गावच्या मालाला कोणते नाव लावायचे याचे पक्के नियम झाले. आज तिथे चार प्याले मांडून बसणारा पाहुणा ज्या नावाचे पैसे देतो, ते नाव त्या शेतकऱ्यांनी रस्त्यावर मिळवलेले आहे.

आता आपल्याकडे बघू. ज्वारीपासूनही मद्यार्क निघतो. २००७ साली सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचे धोरण आणले, तेव्हा पावसात काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल असे सांगण्यात आले. नैतिक वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या मद्यार्काला गाव नसते. कोणाचीही ज्वारी, कोणताही मका, एकाच टाकीत. जिथे मालाचे नाव पुसले जाते तिथे भावही पुसला जातो. कापसाचे तेच होते. जिनिंगच्या दारात गाडी रिकामी झाली की गावाचे नाव संपते, गाठीवर लांबी आणि प्रत उरते.

पण कोरडवाहू मुलखाकडे एक गोष्ट आहे, जिच्यात नाव, चव आणि जुळवणी तिन्ही आधीपासून आहेत. ती म्हणजे हुरडा.

नाशिकच्या बागांत पाहुणे येतात तेच आपल्या हुरड्याचे दिवस. चिकातून बाहेर पडून दाणा मऊ असताना कणीस आगटीत भाजायचे, हातावर चोळायचे, आणि गरम दाण्याबरोबर लसणाची किंवा जवसाची चटणी, शेंगदाणे, गूळ, वर दही नाहीतर ताक. गोडसर दाणा, तिखट चटणी, आंबट ताक. चार प्याल्यांची जी विद्या आम्हाला पैसे देऊन शिकवली गेली, ती आपल्या आगटीभोवती बसून कोणीही फुकट शिकतो. त्यात मद्यार्काचा थेंब नाही, बायकापोरे सगळी बसू शकतात.

नगर, सोलापूर, मराठवाड्याकडे रस्त्याकाठी हुरडा पार्ट्या आता पैसे घेऊन होतातच. पण अनेक ठिकाणी जागा शहरातल्या माणसाची, कणसे कुठूनतरी विकत आणलेली, आणि शेतकऱ्याची सून तिथे रोजाने भाकरी थापते. नाशिकच्या हौदाशेजारी जे चित्र पाहिले तेच इथेही उभे राहत आहे. आपल्या आगटीवर आपण यजमान व्हायचे की रोजंदार, एवढाच प्रश्न आहे, आणि तो याच दोन-चार वर्षांत ठरेल.

आमच्या सूचना तीन.

एक, हुरड्याचा प्लॉट वेगळा ठेवा. सुरती, गुळभेंडीसारख्या गावठी जाती आहेत, राहुरी विद्यापीठाच्या फुले उत्तरा, फुले मधुर आहेत. हुरड्याची अवस्था आठ-दहा दिवसच टिकते. म्हणून दहा शेतकऱ्यांनी मिळून सप्टेंबरच्या मध्यापासून आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरा केला, तर पाहुण्याला पुढे बरेच आठवडे हुरडा देता येईल. स्वयंपाक बचतगटाचा असेल तर पैसेही बचतगटाच्या खात्यात जावेत.

दोन, नाव राखा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, भिवापूरच्या मिरचीलाही मिळाले, जालन्याच्या दगडी ज्वारीलाही आहे. पण प्रमाणपत्र भिंतीवर टांगून भाव येत नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. नोंद केली नाही तर नाव आपले राहते आणि पिशवी व्यापाऱ्याची होते. लांगदॉकवाल्यांनी भेसळीवर पहारा ठेवला, तसा आपल्याला ठेवावा लागेल.

तीन, आणि हे विसरू नका. कोणी येऊन म्हणेल की भावाची मागणी सोडा, पर्यटन करा. त्याला ठणकावून सांगा की हुरड्याला अर्धा एकर पुरतो, बाकीची ज्वारी आणि सगळा कापूस बाजारातच जातो. लाखो एकर कपाशीला कोणी पाहुणा जेवायला येणार नाही. लांगदॉकच्या शेतकऱ्यांनी नाव आणि भाव दोन्ही मागितले, म्हणून दोन्हीचे काही हाती आले. आपल्यालाही दोन्ही मागायचे आहेत.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावच्या ज्वारीचे मूठभर बी फडक्यात बांधून आणावे आणि तिचे गावातले नाव चिठ्ठीवर लिहून आणावे. ज्या गावात नाव सांगणारे कोणी उरले नसेल, त्यांनी रिकामी चिठ्ठी आणावी. किती चिठ्ठ्या रिकाम्या निघतात तेही आपल्याला मोजायचे आहे.