कष्ट झाले, आता नाचू या!

"दिवसभर रानात वाकायचं, दोन म्हशींच्या धारा काढायच्या, आणि वर संध्याकाळी नाचायला जायचं? कामं नाहीत वाटतं तुम्हाला!"

आमच्या निमगाव सावात बायका-मुलींचा नाच-व्यायामाचा वर्ग सुरू करायचं ठरलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलं, त्याचा हिशेब नाही. हो, जणींच्या! पुरुष फारसे काही बोललेच नाहीत. त्यांनी नुसतं हसून घेतलं. बोलल्या त्या बायकाच.

वर्ग कसला म्हणा, नाव नाही, बोर्ड नाही, फी नाही. आठवड्यातून चार दिवस, डेअरीला दूध घालून झालं की साडेसात ते साडेआठ. एक बंद खोली, एक छोटा स्पीकर, आणि सहावीतल्या मुलीपासून साठी ओलांडलेल्या आजीपर्यंत वीस-पंचवीस जणी. शिकवायला कुणी मॅडम नाहीत. दोघी-तिघी कॉलेजच्या मुली व्हिडिओ बघून पायऱ्या बसवतात आणि आम्ही त्यांच्यामागे उड्या मारतो. डाव्या पायाऐवजी उजवा पडतो, मागची पुढचीवर आदळते. चालतंय!

पण त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं, कारण तो प्रश्न खोटा नाही. जुन्नरच्या पूर्व भागातली बाई दिवसभर बसून असते असं कोण म्हणेल? कांद्याची लागवड सुरू झाली की पाण्यानं भरलेल्या वाफ्यात कमरेतून वाकून दिवस काढायचा. खुरपणीला उकिडवं बसायचं. टोमॅटोचा तोडा आला की वीस-वीस किलोची क्रेटं बांधापर्यंत वाहायची. मग हिला आणखी कसला व्यायाम सांगता?

माझं म्हणणं असं, की कष्ट वेगळे आणि व्यायाम वेगळा. लागवडीत कंबर पुढे वाकते, पण मागे कधी वाकते का? खांदे पुढे ओढलेले असतात, ते उघडतात कधी? तेच तेच स्नायू दिवसभर राबतात आणि उरलेले तसेच आखडून बसतात. शिवाय कष्टात आपल्याला थांबायची मुभा नसते. टोळीबरोबर सरी धरली की शेवटपर्यंत जायचं, दुखो की खुपो. व्यायामात दमलं की थांबता येतं, पाणी पिता येतं, आणि काय दुखतंय याकडे लक्षही देता येतं. फरक तिथं आहे.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला एक लाखाहून जास्त माणसांचा अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं, की फावल्या वेळात हौसेनं शरीर हलवणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी होता, आणि ज्यांचं कामच अंगमेहनतीचं होतं त्यांना तो उलट जास्त होता. आता डेन्मार्कचा कामगार आणि आपली कांदे लावणारी बाई एक नव्हे, हे मलाही कळतं. पण 'राबतेस ना, मग तुला व्यायामाची गरज नाही' हे वाक्य वाटतं तितकं सरळ नाही, एवढं तरी त्यातून निघतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम हालचाल सांगते आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही. त्यातला दुसरा भाग आपण सोयीनं विसरतो.

दवाखान्यात गेलं की शुगर असो, बीपी असो, वजन असो, डॉक्टर एकच सांगतात, "ताई, रोज सकाळी चालत जा." पुण्यात बसून हे सांगणं ठीक आहे. आमच्याकडे पहाटे चालायला जायचं कुठं? कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. आता तो पाहुणा राहिलेला नाही, इथंच जन्मतो, इथंच वाढतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यातली दोन मुलं होती. त्यानंतर तिथल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जातानाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. विचार करा, जिला पोटासाठी गळ्यात पट्टा घालून शेतात जावं लागतं, तिला 'मॉर्निंग वॉक करा' म्हणून सांगायचं! म्हणून मी बंद खोलीचा आग्रह धरते. दार लावता येईल अशी, दिव्याची, गावठाणातली जागा. आणि मळ्यात राहणाऱ्या बायकांनी एकटीनं यायचं नाही, चौघी-पाचजणींनी बॅटऱ्या घेऊन मिळून यायचं. परत सोडायला घरातलं कुणीतरी मोटारसायकल घेऊन येतंच. सुरुवातीला कुरकुरत येत होते, आता वेळेवर येऊन बाहेर गप्पा मारत बसतात.

आता राहिला 'नाच' हा शब्द. खरी गोम इथंच आहे. व्यायाम म्हटलं असतं, योगा म्हटलं असतं, तर कुणाची हरकत नव्हती. २०१५ पासून २१ जूनला योगदिन होतोच, शाळेच्या पटांगणात मुली ओळीनं बसतात, फोटो निघतात. पण नाच म्हटलं की भुवया वर! "आपल्यातल्या बायका नाचत नाहीत" हे मला एका चांगल्या शिकलेल्या घरात ऐकायला मिळालं.

हे कुठल्या मुलखात? तर ज्या मुलखाचं नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे तिथं. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर इथल्याच. १९५७ आणि १९९० अशी दोनदा त्यांच्या कलेची राष्ट्रपतींच्या हस्ते कदर झाली. पोटुशी असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा खेळाला उभ्या राहायला निघाल्या, ही कथा आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. अखेरचे दिवस हलाखीतच गेले. पुढं २००६ पासून सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

म्हणजे नाचणारी बाई आपल्याला जत्रेत हवी, पुतळ्यात हवी, पुरस्काराच्या नावात हवी. फक्त घरात नको. तिच्या नाचाला आपण टाळ्या दिल्या, फेटे उडवले, आणि तिच्या नावाची शिवी करून आपल्या लेकींना घरात बसवलं. मला विचाराल तर विठाबाईंच्या मुलखातल्या मुलींनी नाचायला लाजणं यासारखं दुसरं नवल नाही. त्यांच्यासारखा दमसास आमच्यातल्या एकीला जरी मिळाला तरी आमचा वर्ग सार्थकी लागला म्हणायचा!

आणि घरंदाज बायका नाचत नाहीत हेही खरं कुठं आहे? नागपंचमीला फेर कोण धरतं? गौरी जागवताना रात्रभर झिम्मा-फुगडी कोण खेळतं? मंगळागौर ठराविक घरांतली असेल, पण पंचमीचा फेर सगळ्या आळ्यांतला होता. आमच्या वर्गात पहिले पंधरा दिवस सिनेमाची गाणी चालली. मग एका आजींनी, "हे काय नुसतं हात हलवणं," म्हणून पदर खोचला आणि बस फुगडी घालून दाखवली. उकिडवं बसून, एकेक पाय पुढं फेकत, गोल. कॉलेजच्या मुलींनी करून पाहिली, दहा मोजेपर्यंत मांड्या भरून आल्या आणि धपकन बसल्या. शहरात याच प्रकाराला पैसे मोजून 'स्क्वॉट' म्हणतात. काटवट कणा तर त्याहून कठीण. हातांची अढी घालून पायाचे अंगठे धरायचे आणि जमिनीवर लोळत गोल फिरायचं. पोटाच्या स्नायूंचा याहून कडक व्यायाम दाखवा मला! आता आमचा क्रम ठरून गेलाय. आधी अंग मोकळं करायचं, मग झिंगाट वेगाची दोन-तीन गाणी, मग फुगड्यांचे प्रकार, शेवटी जमिनीवर पडून श्वास शांत करायचा. त्या शेवटच्या पाच मिनिटांत निम्म्या जणी घोरायला लागतात, तो भाग वेगळा.

उड्या मारायला लागलो तेव्हा एक गोष्ट बाहेर आली, ती इथं स्पष्टच लिहिते. पहिल्या आठवड्यात चार-पाच जणी भिंतीला टेकून उभ्या. का, तर म्हणे गुडघा दुखतो. गुडघा कसला! उडी मारली की लघवीचे थेंब जातात. खोकताना, शिंकतानाही जातात. एकीचं तर अंग बाहेर येत होतं, आणि अनेक वर्षांत तिनं हे नवऱ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. बाळंतपणानंतर पुरता विसावा नाही, लगेच डोक्यावर ओझं. खालचे स्नायू सैल पडतात ते तसेच राहतात. यावर खालचे स्नायू आत ओढून धरायचे साधे व्यायाम असतात, बसल्या जागी, भाकरी थापतानाही करता येतात. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी येऊन ते शिकवले. ज्यांचं अंग बाहेर येतं त्यांनी मात्र उड्या मारायच्या नाहीत, ओझं उचलायचं नाही आणि आधी डॉक्टरांना दाखवायचं, लाजायचं नाही.

दम लागण्याचंही तसंच. कोवळ्या पोरी दोन गाण्यांत धापा टाकायला लागल्या तर त्यांना 'नाजूक' म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. ज्या पोरीच्या अंगात रक्त नाही तिला नुसतं नाचवून काय होणार? आधी गोळ्या, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलेलं खायची सवय मोडणं.

खरं सांगायचं तर मला काळजी मोठ्या बायकांची नाही, या पोरींचीच आहे. पाचवी-सहावीपर्यंत त्या मुलांच्या बरोबरीनं लंगडी, खो-खो खेळतात. पाळी आली की पटांगण सुटलं. मग शाळा, घर, धुणं-भांडी. सायकल तेवढी शाळेपुरती. वर्षातून एकदा गॅदरिंगला नाचायचं, आई-बाप पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार, आणि दुसऱ्या दिवशी "आता पुरे, मोठी झालीस." शरीर वाढायच्या ऐन वयात शरीराला मज्जाव! हाडं बळकट व्हायचं वय हेच. या वयात साठवलं ते म्हातारपणी पुरतं.

आमच्यातली एक मुलगी, नववीतली, सगळ्यांत चपळ. कुणीतरी हौसेनं तिचा नाच मोबाईलवर काढला. हौसेनंच, वाईट हेतू नव्हता. तो एका ग्रुपवर गेला, तिथून दुसऱ्या, आणि दोन दिवसांत गावातल्या पोरांच्या हातात. खाली काय काय लिहिलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या दिवसापासून मुलगी बंद. लिहिलं त्यांनी, शिक्षा हिला. मी तिच्या घरी दोनदा जाऊन आले. वडील भला माणूस. म्हणाले, "ताई, तुमचं पटतंय, पण उद्या तिच्या लग्नात कुणी तो व्हिडिओ दाखवला तर?" ज्यांनी घाणेरडं लिहिलं त्यांच्या घरी कुणी गेलं का, असं मी विचारलं. ते गप्प बसले. मीही समजले. पण गप्प बसून भागणार नाही. पोरगी घरात बसवणं सोपं आहे, चार पोरांच्या बापांना गाठणं अवघड आहे, म्हणून आपण सोपं तेच करत आलोय.

त्या दिवसापासून दाराशी एक पाटी असते, भाकरीची असते तसली. आत येताना मोबाईल पाटीत. मग ती सरपंचबाई असो नाहीतर कुणाची पाहुणी.

जागेचंही असंच बोलायला हवं. गावोगावी रस्त्याकडेला, चावडीसमोर ओपन जिमची रंगीत यंत्रं बसलीत. त्यावर एक तरी बाई व्यायाम करताना कुणी पाहिलीय? दिवसा पोरं झोके घेतात, संध्याकाळी पुरुष गप्पा मारत बसतात. साडी नेसून, चार माणसांसमोर, रस्त्यावर पाय हलवायचे कोणी? जागा ठरवताना एका तरी बाईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, यंत्रं नकोत, चार भिंती द्या, एक संडास द्या, एक बल्ब द्या. आणि पैसा नाही म्हणायचं कारण नाही. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्च करायचाच असतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे. निम्म्या जागा २०११ पासून बायकांना आहेत. मग तो दहा टक्क्यांचा पैसा कशात गेला हे त्या सभेत विचारायला काय हरकत आहे? शिलाई मशीन आणि हळदी-कुंकवाचे डबे पुष्कळ झाले. ती सभा कागदावरच होत असेल तर तिथं पंचवीस जणी जाऊन बसायचं. आम्ही बसणार आहोत.

माळशेज उतरलं की मुरबाड तालुका. तिथल्या फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा भरली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून साठी-सत्तरीच्या आज्या अआइई गिरवायला बसल्या. लोक तेव्हा हसलेच असणार. एका गावानं ठरवलं की सत्तराव्या वर्षी पाटी हातात घेता येते, मग चाळिसाव्या वर्षी फुगडीसाठी हात का धरता येऊ नयेत?

येणाऱ्यांसाठी थोडं. लागवडीच्या दिवसांत वर्ग साडेआठला सुरू होईल, कारण त्याआधी कुणाचीच कंबर सरळ होत नाही. त्या महिन्यात उड्या बंद, नुसतं अंग ताणायचं आणि पाठीवर पडायचं. पंजाबी ड्रेस असला तर बरा, नसला तर नऊवारी कासोटा घालून या, पाचवारीत पाय अडकतो. पोटभर जेवून येऊ नका. पिण्याचं पाणी आणि एक जुनी सतरंजी आणा. सासूबाई नको म्हणत असतील तर त्यांनाच घेऊन या. आमच्याकडे बस फुगडीत त्यांना हरवणारी अजून कुणी नाही.