ऑनलाइन दुकानाची भाषा: खरा प्रश्न दुरुस्तीचा

ऑनलाइन दुकान थाटू पाहणाऱ्या व्यापाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो संगणकीय भाषेचा. पीएचपी, जावा, पायथन की रुबी? प्रत्येक भाषेचे कैवारी आपलीच भाषा सरस असल्याचे छातीठोकपणे सांगतात. गेल्या तीन दशकांचा अनुभव मात्र निराळा आहे.

'ईबे'चे उदाहरण पुरेसे बोलके ठरावे. पिअरे ओमिड्यार यांनी १९९५ मध्ये या लिलाव संकेतस्थळाची पहिली आवृत्ती पर्ल भाषेत एकट्याने लिहिली. ग्राहकांची गर्दी वाढली तशी ती आधी सी प्लस प्लसमध्ये आणि नंतर जावामध्ये नव्याने लिहावी लागली. जून १९९९ मध्ये हे संकेतस्थळ सुमारे २२ तास बंद पडले, त्याचे मूळही भाषेत नव्हे, तर डेटाबेस यंत्रणेच्या बिघाडात होते. भाषा दोनदा बदलली, व्यवसाय मात्र टिकला.

आज लहान व्यापाऱ्याला सारे काही नव्याने लिहून घ्यावे लागत नाही. वूकॉमर्स आणि मॅजेंटो या तयार प्रणाली पीएचपीवर, तर शॉपिफाय रुबीवर उभी आहे. तथापि, तयार प्रणाली घेतली म्हणजे जबाबदारी संपली, असे नव्हे. मॅजेंटोच्या पहिल्या आवृत्तीला सुरक्षाविषयक सुधारणा मिळणे जून २०२० मध्ये थांबले. दुसरी आवृत्तीही पीएचपीतच होती. तरीही तिच्यावर जाणाऱ्यांना दुकानाची मांडणी बव्हंशी नव्याने करावी लागली.

नियमही बदलतात. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातील व्यापाऱ्यांना ग्राहकांच्या कार्डाचे क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाहीत. ज्यांच्याकडे ते साठवले जात होते, त्यांना यंत्रणा बदलणे भाग पडले, मग ती कोणत्याही भाषेत लिहिलेली असो.

तेव्हा कंत्राटावर सही करण्यापूर्वी व्यापाऱ्याने वेगळे प्रश्न विचारायला हवेत. ही भाषा जाणणारे लोक आपल्या शहरात, आपल्याला परवडणाऱ्या मोबदल्यात मिळतील काय? मूळ आज्ञावली आणि ग्राहकांची नोंद कोणाच्या ताब्यात राहील? आजचा तंत्रज्ञ उद्या काम सोडून गेला, तर दुरुस्ती कोण करील? याची उत्तरे समाधानकारक असतील, तर भाषेचा वाद दुय्यम ठरतो. ती नसतील, तर उत्तमातली उत्तम भाषाही दुकान वाचवू शकणार नाही.